फोर-बाय-फोर लागतो पण सुटत नाही. रिले टिकटिकतो, मोटर गप्प

रानवाट

मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून हा धागा.

गाडी पार्ट-टाइम फोर-बाय-फोर आहे. हाताने ओढायचा दांडा नाही, डॅशबोर्डवर गोल नॉब आहे: २एच (दोनच चाकांना ताकद), ४एच (चारही चाकांना), ४एल (चारही, पण हळू आणि जोरकस). नॉब फिरवला की ट्रान्सफर केसवरची (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या डब्यावरची) छोटी मोटर आतला फोर्क, म्हणजे गिअर सरकवणारा काटा, हलवते.

२एचवरून ४एच झटक्यात लागतो. ४एचवरून परत २एचला यायला मात्र गाडी तयार नाही. नॉब फिरवला की दिवा लुकलुकायला लागतो, बॉनेटखालच्या रिलेबॉक्समधून (रिले म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) 'टिक' ऐकू येतं आणि मोटर हूं की चूं करत नाही. काही सेकंदांनी कंट्रोलर (नॉबचं ऐकून रिले चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) नाद सोडतो. दिवा लुकलुकतच राहतो.

आतापर्यंत पाहिलेलं: फ्यूज शाबूत. बॅटरी इंजिन बंद असताना १२.५ व्होल्ट. बॉक्समध्ये शेजारी-शेजारी दोन पाच पिनांचे रिले आहेत. त्यांच्यावर बोट ठेवून पाहिलं, तर २एच मागताना एकच रिले टिकतो (टिक करतो), दुसरा ढिम्म. टिकणारा काढून त्याच नंबरचा नवा लावला. फरक शून्य. मग मोटरच्या कपलरमध्ये (तारा जोडायच्या प्लगमध्ये) मागून सुई घालून मीटर लावलं, काळं टोक बॉडीला. नॉब २एचला फिरवताच १२.१ व्होल्ट. म्हणजे करंट मोटरपर्यंत पोचतोय आणि मोटर घेत नाहीये. मोटर बदलायची का?

नट_बोल्ट

बदला आणि विषय संपवा. या मोटरा गाडीच्या पोटाखाली चिखलपाण्यात असतात. आत ओल गेली की ब्रश अडकतात, मग बारा व्होल्ट काय नि चोवीस काय, हलणार नाही. १२.१ पोचतोय म्हणता, मग अजून काय पुरावा हवा?

सावकाश_जा

रानवाट, विजेकडे वळण्याआधी एक खात्री करा. ४एच लावून कोरड्या, कडक रस्त्यावर गाडी चालवली होती का? पार्ट-टाइम यंत्रणेत पुढच्या आणि मागच्या शाफ्टमध्ये डिफरेन्शियल (दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) नसतो. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, तो फरक जायला जागा नसते, म्हणून सगळी गाडी आतल्या आत पिळली जाते. त्या ताणाखाली ४एचचा गिअर सुटत नाही. चारही टायर एका मापाचे नसतील किंवा एक जोडी नवी आणि एक झिजलेली असेल, तर सरळ रस्त्यावरसुद्धा तेच होतं. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या, ताण गेला की आपोआप सुटतो.

रानवाट

सावकाश_जा, मागे घेऊन पाहिली, मऊ मातीवर नेऊन पाहिली. काही फरक नाही. टायर चारही एकाच वेळी बदललेले आहेत.

मीटरवाला

पिळाच्या तक्रारीत मोटरचा आवाज येतो, फोर्क मात्र सरकत नाही. इथे मोटर फिरतच नाहीये, त्यामुळे ती शंका बाजूला ठेवू. तरी सावकाश_जा यांनी ती आधी काढली हे बरं केलं. निम्म्या लोकांचा प्रश्न तिथेच मिटतो.

आता नट_बोल्ट, जरा थांबा. तीच मोटर ४एचकडे जाताना व्यवस्थित फिरते आहे. साधी डीसी मोटर आहे ती, तिला दिशा कळत नाही. दोन तारांवरचे प्लस-मायनस उलटे केले की उलटी फिरते. तेव्हा दोन्ही दिशांना जे जे सामाईक आहे ते सगळं तूर्त निर्दोष धरा: फ्यूज, ब्रश, मोटरकडे जाणाऱ्या दोन्ही तारा, कपलर. शिवाय 'टिक' येतोय, म्हणजे नॉबने मागणी केली, कंट्रोलरने ती मान्य केली, पोझिशन सेन्सरने (फोर्क कुठे आहे ते सांगणाऱ्याने) आडकाठी केली नाही आणि त्या रिलेची कॉइल ओढली गेली.

मग उरतं फार थोडं. रानवाट, मला दोन आकडे द्या. मोटरच्या *दुसऱ्या* जाड तारेवर बॉडीच्या तुलनेत किती व्होल्ट? आणि मीटरची दोन्ही टोकं मोटरच्याच दोन तारांवर ठेवून किती? दोन्ही मापं २एचची मागणी चालू असताना घ्या, कंट्रोलर थकला की आकडे निरर्थक.

भोपळा

इतका खल कशाला? हॉर्नचा रिले काढा, तिथे लावा, चाललं तर रिले, नाही तर मोटर. आमचा आजन्म फॉर्म्युला.

तारांगण

भोपळाशेठ, इथे तसलं काही नको!! हॉर्नचा रिले बहुधा चार पिनांचा असतो. त्याला मधली ८७ए पिन नसते (पिनांचे नंबर खाली दिलेत). या सर्किटमध्ये ८७ए हाच अर्थचा (बॉडीतून बॅटरीच्या मायनसकडे परतायचा) रस्ता असतो, त्यामुळे चार पिनांचा रिले लावला तर असलेल्या बिघाडात आणखी एक तस्साच बिघाड.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे पाच पिनांचा, पण मधल्या पिनेवरही ८७च लिहिलेला रिले. दिसायला डिट्टो. त्यात कॉइल ओढली की ३० नंबर दोन्ही ८७ना एकदम जोडला जातो. इथे एका ८७ला बॅटरी आणि मधल्या पिनेला अर्थ आहे. म्हणजे सरळ बॅटरीची अर्थशी गाठ. फ्यूज उडाला तर नशीब म्हणायचं. काही रिलेंत ३० आणि ८६ यांच्या जागाही आपसात बदललेल्या असतात. कुशीवर छापलेली आकृती वाचल्याशिवाय कुठलाही रिले कुठेही खोचू नये.

पिनांचे नंबर पाठ नसलेल्यांसाठी (हे नंबर डीआयएन ७२५५२ या जर्मन मानकातले, म्हणून बहुतेक गाड्यांत तेच सापडतात): ८५ आणि ८६ कॉइलचे. ३० समाईक टोक. ८७ कॉइल ओढल्यावर ३०ला जोडला जातो, ८७ए कॉइल निजलेली असताना.

रानवाट

मीटरवाला, घ्या आकडे. दुसऱ्या तारेवर बॉडीच्या तुलनेत ११.३. दोन तारांच्या मध्ये ०.८. पुन्हा पुन्हा मोजलं, तेच. दोन्ही तारांवर प्लस? हे काय गौडबंगाल आहे?

नट_बोल्ट

शॉर्ट! हार्नेसमध्ये (तारांच्या जुडग्यात) दोन तारा घासून एकमेकींना चिकटल्या आहेत. हार्नेस उघडा.

मीटरवाला

दोन तारा चिकटल्या असत्या तर नॉब कुठेही फिरवला तरी फ्यूज गेला असता, आणि ४एच कधीच लागला नसता. हार्नेस उघडू नका. हे आकडे शॉर्टचे नाहीत, वाट अडल्याचे आहेत.

सर्किट असं आहे. दोन रिले, अ आणि ब समजा. प्रत्येकाची ३० नंबरची पिन मोटरच्या एकेका तारेला. दोघांच्या ८७वर बॅटरी. दोघांच्या ८७एवर अर्थ. दोन्ही निजलेले असतात तेव्हा मोटरच्या दोन्ही तारा अर्थवर असतात. (हे मुद्दाम केलेलं आहे. दोन्ही टोकं एकत्र जोडलेली मोटर स्वतःच ब्रेक मारते, म्हणून फोर्क हव्या त्या जागेपुढे वाहवत जात नाही.)

२एच मागितलं की ब ओढला जातो. त्याच्या ८७मधून मोटरच्या एका तारेवर बारा व्होल्ट येतात. करंट मोटरमधून दुसऱ्या तारेवर येतो. तिथून तो जाणार कुठे? अ रिलेमध्ये. जो टिकला नाही, ज्याच्यावर बोट ठेवून तुम्ही 'ढिम्म' म्हणालात, त्याच्याच ३० मधून ८७एमध्ये आणि तिथून अर्थला. ढिम्म असणं हीच या क्षणी त्याची ड्यूटी आहे.

त्याचा ८७एचा पॉइंट (आतला टेकणारा धातूचा ठिपका) खराब असेल तर करंटला बाहेर पडायला जागा नाही. नळाची तोटी बंद असली की पाइपभर दाब सारखाच असतो, तसं मोटरच्या अलीकडे बारा आणि पलीकडेही जवळजवळ बारा. तुमचे ११.३ म्हणजे तेच. तुम्ही पहिल्यांदा एकाच तारेवर बॉडीच्या तुलनेत मोजलंत, तिथे १२.१ येणारच होते. मोटरला स्वतःला मिळत होते फक्त ०.८ व्होल्ट.

आणि म्हणूनच ४एचकडे जाताना काही अडत नाही. तेव्हा अ ओढला जातो, त्याचा ८७एचा पॉइंट वापरातच नसतो, अर्थ मिळते ती ब मधून.

चिकित्सक

सुंदर. थोडी आकडेमोड करायचा मोह आवरत नाही. थांबलेल्या मोटरच्या गुंडाळीचा रोध अर्धा ओम धरला (गृहीतक आहे, मोजून घ्या), तर ०.८ भागिले ०.५ म्हणजे १.६ अँपिअर वाहतोय. तोच १.६ पुढे ११.३ व्होल्टचा पल्ला ओलांडतो, म्हणजे वाटेत साधारण ७ ओम आहेत. चांगल्या पॉइंटवर हा रोध ओमच्या शंभराव्या भागाच्या आसपास असायला हवा. त्या ७ ओमांत सुमारे १८ वॅट उष्णता तयार होते, तीही टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत. कंट्रोलर काही सेकंदांत माघार घेतो म्हणून बरं.

रानवाट

पटतंय, पण एक शंका. अ रिले मी बाहेर काढून तपासला होता. ३० आणि ८७ए यांच्यात मीटरने खणखणीत बीप दिला. मग?

मीटरवाला

बीप बेभरवशाचा. बऱ्याच मीटरांचा बझर वीस-तीस ओमांपर्यंतही वाजतो. चिकित्सकांचे ७ ओम त्याच्या लेखी 'जोडलेलं' आहेत. ओमच्या पट्टीवर घेतलंत तर निदान आकडा दिसेल (आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावून तारांचाच रोध वजा करा). पण तिथेही मीटर पॉइंटमधून जेमतेम मिलिअँपिअर ढकलतो. काजळी धरलेला पॉइंट तेवढा करंट हसत सोडतो आणि मोटरचे काही अँपिअर मागितले की हात वर करतो.

खरी परीक्षा भार चालू असतानाच्या व्होल्टेज-ड्रॉपची. बंद पॉइंटच्या दोन टोकांत ०.१, फार तर ०.२ व्होल्ट. अर्धा व्होल्ट दिसला तरी भुवई वर जायला हवी.

अजून एक शक्यता मात्र शिल्लक आहे: अ रिले चांगला आहे आणि त्याच्या सॉकेटला येणारी अर्थची तारच कुजली आहे. काही गाड्यांत दोन्ही रिलेंची अर्थ वेगवेगळ्या ठिकाणी जाते. म्हणून अ उपटा आणि इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घ्या. एक टोक बॅटरी प्लसला, दुसरं सॉकेटमधल्या ८७एच्या भोकात. तो बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणजे मीटरपेक्षा शंभरपटींनी कडक परीक्षक. लखलखीत पेटला तर अर्थ निर्दोष. पिवळट पेटला तर रिलेला हात लावू नका, तार धरून मागे जा.

भोकात जाडजूड टोक कोंबू नका. आतली पट्टी एकदा फाकली की नवा रिलेही ढिला बसेल आणि नवीन बिघाड तुम्हीच जन्माला घालाल.

सावकाश_जा

आणि हे सगळं करताना चाकांना ओट (अडसर) लावा. नुसत्या हँडब्रेकवर किंवा गिअरवर विसंबू नका. ट्रान्सफर केस ४एच आणि ४एलच्या मध्ये न्यूट्रलमधून जातो. तिथे अडकला तर गिअरबॉक्स आणि चाकं यांचा संबंधच तुटतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये असो की ऑटोमॅटिकच्या 'पी'मध्ये, उतारावर ती चालू लागेल. गाडीखाली डोकं घालून दुसऱ्याला 'फिरव रे नॉब' म्हणणारे पाहिले आहेत, म्हणून सांगतो.

रानवाट

बल्ब लखलखीत. दोन्ही सॉकेटांत सारखाच.

मग दोन्ही रिलेंच्या कुशीवरची आकृती ताडून पाहिली, अगदी एकसारखी, पार्ट नंबरही तोच. सरळ अदलाबदल केली, अ च्या जागी ब आणि ब च्या जागी अ. नॉब २एच.

घर्रर्र... खट्ट. दिवा विझला. गाडी २एचवर आली!

लगेच नॉब ४एचला फिरवला. टिक. मोटर गप्प. दिवा लुकलुकतोय. :)

तारांगण

घ्या! बिघाड रिलेबरोबर चालत गेला. मोटर, हार्नेस, कंट्रोलर, सगळे बाइज्जत बरी.

भोपळा

म्हणजे शेवटी रिले बदलूनच कळलं ना? आमचा फॉर्म्युला जिंदाबाद.

मीटरवाला

भोपळाशेठ, मान्य. फक्त कुठल्या रिलेला कुठे न्यायचं हे आधी ठाऊक असावं लागतं. रानवाटांनी टिकणारा रिले बदललाच होता, नवाकोरा, आणि काही झालं नव्हतं. टिकणारावर संशय घेणं साहजिक आहे, कान तिकडेच जातो.

नट_बोल्ट

मोटरचा आरोप मागे घेतो. पण एक विचारतो, पॉइंट जळाला का? रिले उगाच मरत नाही. मोटर जास्त करंट ओढत असेल तर नवा रिलेही त्याच वाटेने जाणार. फोर्कचा शाफ्ट सुकला असेल, मोटरच्या गिअरमधलं ग्रीस दगड झालं असेल. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर मिळवा (साधा क्लॅम्प एसीच मोजतो, तो इथे शून्य दाखवेल) आणि दोन्ही दिशांचा करंट बघा.

मीटरवाला

हा प्रश्न लाखमोलाचा. रानवाट, तो रिले फोडून बघा, तसाही टाकायचाच आहे. पॉइंट कसा जळालाय त्यावरून बरंच कळतं. खड्डे पडून धातू वितळल्यासारखा दिसला तर करंट जास्त होता. हिरवट-काळपट बुरशीसारखा थर दिसला तर पाणी.

रानवाट

टोपी काढली. कॉइल चकचकीत, ८७चा पॉइंट बरा, ८७एचा काळा कुळकुळीत आणि कडेला हिरवट. ८७एच्या पिनेच्या मुळाशीही हिरवी पूड. खड्डा वगैरे दिसत नाही.

पॉलिश पेपर मारून हाच परत वापरता येईल का?

तारांगण

आणीबाणीत घरी पोचण्यापुरता येईल. एरवी नाही. पॉइंटवर चांदीच्या मिश्रधातूचा थर असतो, तो घासला की राहिलेला पृष्ठभाग ओबडधोबड होतो आणि ठिणगी अधिकच धरतो. शिवाय पट्टी किंचित वाकली तरी पॉइंटवरचा दाब कमी होतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बंद रिले बरा करायच्या भानगडीतही पडू नका, स्प्रे आत पोचतच नाही.

मीटरवाला

हिरवं म्हणजे पाणी. बॉक्सच्या झाकणाचं रबर बघा, आणि हार्नेस बॉक्समध्ये वरून शिरतो की खालून तेही. वरून उतरत थेट बॉक्समध्ये घुसत असेल तर तारेवरून ओघळणारं पाणी सरळ आत. तारेला बॉक्सच्या खालच्या पातळीपर्यंत झोळ देऊन मग वर घेतली की थेंब झोळाच्या तळाला गळून जातो. बॉक्सच्या बुडाला निचऱ्याचं भोक असतं, ते चिखलाने बुजलेलं सापडतं.

रानवाट

निचऱ्याचं भोक बुजलेलंच होतं! रबर एका कोपऱ्यात चेपलं होतं, तेही बदललं. दोन्ही रिले नवे, एकाच नंबरचे. सॉकेटच्या पट्ट्या सुट्या पिनेने ओढून पाहिल्या, पकड घट्ट आहे. क्लॅम्प लावून करंट पाहिला, दोन्ही दिशांना जवळजवळ सारखा, सुरुवातीचा झटका सोडला तर मध्ये कुठे चढत नाही. २एच, ४एच, ४एल, सगळं लागतंय आणि सुटतंय. मोटरच्या पलीकडच्या तारेवर आता भार असताना ०.१.

सगळ्यांना दंडवत.

प्रवासी_पक्षी

वाचनखूण साठवली. माझ्या गाडीत रिलेबॉक्समध्ये ट्रान्सफरचे रिलेच सापडत नाहीत. नॉब मात्र असाच आहे. मग हे मोजमाप कुठे करायचं?

मीटरवाला

बऱ्याच गाड्यांत ते रिले कंट्रोलरच्या डब्यातच सर्किटच्या पाटीवर झाळलेले असतात, काहींत तर रिलेऐवजी चार मॉस्फेटांचा (न हलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचांचा) पूल असतो, तिथे टिकसुद्धा ऐकू येणार नाही. पण मोटरच्या कपलरवरचं माप तेच. दोन तारांच्या मध्ये किती, आणि प्रत्येकीवर बॉडीच्या तुलनेत किती. दोन्हीवर बारा आले तर आधी डब्याची अर्थ तपासा, ती चांगली असेल तर दोष डब्यात. झाळलेला रिले बदलता येतो, हात बसलेला माणूस हवा. आणि इंजिनचे कोड वाचणारा साधा ओबीडी स्कॅनर ट्रान्सफर केसच्या कंट्रोलरशी बहुधा बोलतच नाही, त्यामुळे 'कोड नाही म्हणजे दोष नाही' असं समजू नका.

पुढचा एक्सल व्हॅक्यूमवर (हवेच्या ओढीने) जोडला जात असेल अशी गाडी असली तर मात्र आधी रबरी नळ्या बघा. तिथे दोष विजेपेक्षा चिरलेल्या नळीत जास्त सापडतो.

कच्चा_लिंबू

माझं उलटं आहे. ४एच लागतच नाही, आणि टिकही येत नाही. अदलाबदल करून पाहिली, काही नाही.

मीटरवाला

टिक नाही म्हणजे सगळी चौकशी कॉइलच्या बाजूला. रिले काढून त्याच्या ८५-८६मध्ये रोध मोजा, १२ व्होल्टच्या रिलेत साधारण ६० ते १२० ओम यावेत. मग सॉकेटमध्ये ८५-८६च्या मध्ये मीटर ठेवून कुणाला तरी नॉब फिरवायला सांगा. बारा आले तर रिले किंवा ढिली पट्टी. नाही आले तर कंट्रोलर मागणीच करत नाहीये, आणि त्याची कारणं पुष्कळ: नॉबचा स्विच, पोझिशन सेन्सर, वेगाचा सिग्नल, ४एलसाठी न्यूट्रलचा किंवा क्लचचा स्विच. कॉइलवर डायोड असलेला रिले असेल तर बाहेर काढून बॅटरी लावताना प्लस-मायनस उलटं करू नका, डायोड जाईल.

आकडे घेऊन नवा धागा काढा, इथे दोन बिघाड एकात एक गुंततील.